एक तारीख, निराळे सूर

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या तरुण कार्यकर्त्याने तीन प्रश्न पाठवलेत. त्यांना दर महिन्याला एक संध्याकाळ करायची आहे. एकाच तारखेला जन्मलेले, पण वेगवेगळ्या तऱ्हेचं संगीत करणारे दोन-तीन कलावंत घ्यायचे, थोडं बोलायचं, बरंचसं ऐकवायचं. त्यांचं विचारणं असं : अशा जोड्या शोधायच्या कशा, छापलेल्या तारखांवर विसंबायचं किती, आणि एका दिवशी जन्मलेल्यांच्या गाण्यात खरंच काही सारखं असतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे. नसतं.

मी बेळगावच्या टिळकवाडीत सव्वीस वर्षं गाण्याचा क्लास घेते, आणि असल्या संध्याकाळी करायला लागून सतरा वर्षं झाली. दरवेळी पहिल्या रांगेतले कुणीतरी निवृत्त काका पत्रिका काढतातच. "बाई, दोघांचाही रवी मीनेत, मग आवाज असा लागणारच की!" मी चहा पुढे करते. हिशेब साधा आहे. तुमच्या वाचनालयात २३ माणसं बसली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. ५७ बसली तर शंभरात नव्याण्णव. गायक-वादक तर जगात हजारोंनी आहेत. तारखा जुळल्या नाहीत तरच नवल.

पण गंमत उलट्या बाजूनेही आहे. माझ्याकडे बुटांच्या खोक्यात साधारण ४०० कार्डं आहेत, एका कलावंताला एक. ४०० नावं ३६५ दिवसांवर वाटेल तशी उधळली, तर हिशेबाने सुमारे १२० तारखा रिकाम्याच राहतात आणि पस्तीसेक तारखांवर तीन किंवा जास्त माणसं गोळा होतात. म्हणून एखाद्या दिवशी चार मोठी नावं सापडली की "केवढा हा दिवस!" असं म्हणण्याआधी शेजारची रिकामी पानं बघून घ्यावीत.

मग कार्यक्रम करायचाच कशाला? कारण तारीख हा चांगला बहाणा आहे. नुसतं "आज आपण बेल्जियमचा एक गायक ऐकूया" म्हटलं तर खानापुरातच काय, बेळगावातही चार माणसं येणार नाहीत. "कुमार गंधर्वांच्या वाढदिवशी जन्मलेला आणखी एक" म्हटलं की चाळीस येतात.

आता तारखांचं. यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

आपल्या गावात साठीच्या पुढच्या दहा जणांना जन्मतारीख विचारा. त्यांतले तीन-चार तरी १ जूनला जन्मलेले निघतील. पहिलीत नाव घालताना मास्तरांनी वय बसवून ती तारीख टाकलेली असते. घरी विचाराल तर "यल्लम्माच्या जत्रेच्या आधी आठ दिवस" किंवा "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी" असं उत्तर येतं, आणि ते बहुतेक वेळा दाखल्यापेक्षा खरं असतं. जुन्या कलावंतांचंही तसंच. भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, पण घरोघर सांगितलं जातं ते गोकुळाष्टमीचं. तिथी आणि तारीख साधारण दर १९ वर्षांनी पुन्हा एकत्र येतात. मधल्या काळात तिथीने वाढदिवस करणाऱ्याचे 'जुळे' दरवर्षी बदलत राहणार. आपण इंग्रजी तारखेची जोडी लावतो ती फक्त सोय म्हणून.

युरोपातही सगळं आलबेल नाही. बिस्मिल्ला खान २१ मार्चचे आणि जर्मन संगीतकार बाखही २१ मार्चचा, हे तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. बाख १६८५ साली आयझेनाखला जन्मला, तेव्हा तिथल्या प्रोटेस्टंट मुलखात जुनं, ज्युलियन पंचांग चालू होतं. नवं लागू झालं १७०० मध्ये. दोन पंचांगांत तेव्हा १० दिवसांचा फरक. आजच्या कॅलेंडरवर आणला तर बाख जातो ३१ मार्चला. तिथे त्याला कोण भेटतं? ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन, जन्म ३१ मार्च १७३२. म्हणजे तारीख सुधारली की शहनाईवाले खाँसाहेब हातचे जातात आणि बाखला आपल्याच बिरादरीतला माणूस मिळतो. मी तरीही शहनाई आणि ऑर्गन एका संध्याकाळी लावलंय, पण ही हकिकत आधी सांगून. लोकांना ती गाण्याइतकीच आवडली.

माझ्या खोक्यातलं सगळ्यात घाण झालेलं कार्ड अमेरिकेच्या जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगचं आहे. त्यावर आधी निळ्या पेनाने ४ जुलै १९०० लिहिलंय. आर्मस्ट्राँग स्वतः आयुष्यभर हीच तारीख सांगायचा. शतकाचा आरंभ आणि अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, ऐकायलाही छान. तो १९७१ मध्ये गेला. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि खरी तारीख निघाली ४ ऑगस्ट १९०१. बिचाऱ्याने खरा वाढदिवस कधी केलाच नाही. मी निळं खोडून लाल पेनाने नवी तारीख लिहिली, कार्ड जुलैतून उचलून ऑगस्टात ठेवलं, आणि बघते तर शेजारी किशोरकुमार. ४ ऑगस्ट १९२९, खांडवा.

तेव्हापासून माझा नियम असा : खात्रीची तारीख पेनाने, बाकी पेन्सिलने. खात्रीची म्हणजे जन्माच्या वेळी झालेली नोंद, किंवा कलावंताने आणि घरच्यांनी वेगवेगळ्या वेळी एकच सांगितलेली तारीख. दहा ठिकाणी सापडली म्हणून ती दहा पट खरी होत नाही, कारण नऊ जणांनी पहिल्याचीच उतरवलेली असते. दोन ठिकाणच्या तारखांत फरक दिसला, तर कोण चुकलं यापेक्षा फरक कसा पडला ते शोधा. पंचांगाचा, शाळेचा, मध्यरात्रीचा, की छापखान्याचा. कारण सापडलं की बहुतेक वेळा तारीखही सापडते.

आता जोड्या. इथे माझं मत जरा कडक आहे. नुसती तारीख जुळली म्हणून जोडी लावायची नाही. कानाला ऐकू येईल अशी एक तरी गोष्ट दोघांत हवी, आणि ती तुम्हाला पेटीवर किंवा तोंडाने करून दाखवता आली पाहिजे.

किशोरकुमार आणि आर्मस्ट्राँग ही त्या दृष्टीने बिनतोड जोडी. आर्मस्ट्राँगने १९२६ च्या ध्वनिमुद्रणात शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गायला सुरुवात केली आणि जॅझमध्ये ती रीत रूढ झाली. किशोर तर अर्थ नसलेल्या अक्षरांवर उड्या मारायला कायम तयार. आपल्या पोरांना मी आधी तराण्याच्या दोन ओळी म्हणायला लावते, तन देरे ना, ओदानी, तदानी, आणि मग हे दोघं ऐकवते. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. किशोरच्या योडलिंगमागे, म्हणजे आवाज झटकन उंच, पातळ सुरात उडवण्यामागे, अमेरिकेच्या जिमी रॉजर्सच्या तबकड्यांचं नाव घेतलं जातं. तो मात्र ४ ऑगस्टचा नव्हे. तो ८ सप्टेंबर १८९७ चा, म्हणजे आशा भोसल्यांच्या तारखेचा. खरी देवाणघेवाण तबकड्यांतून होते, जन्मतारखेला तिचा पत्ताही नसतो.

८ सप्टेंबरचा विषय निघालाच आहे तर सांगते, माझ्या मते वर्षातली सगळ्यात श्रीमंत तारीख ती. आशाबाई १९३३ च्या, सांगलीच्या. म्हणजे आपल्याला मिरजेहून पुढे हाकेच्या अंतरावर. भूपेन हझारिका १९२६, आसामातलं सदिया. पॅट्सी क्लाइन १९३२, अमेरिकन कंट्री गाणारी. आणि सगळ्यांत जुना झेक संगीतकार द्वोर्झाक, १८४१, बोहेमियातल्या खेड्यातल्या खाटकाचा आणि खाणावळवाल्याचा मुलगा. लोक आशाबाईंसाठी येतात, साहजिक आहे. पण मी त्या दिवशी मधली जागा द्वोर्झाक आणि हझारिकांना देते.

का ते ऐका. द्वोर्झाक १८९२ ते १८९५ न्यूयॉर्कला एका संगीतशाळेचा प्रमुख होता. तिथल्या हॅरी बर्ले या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडून त्याने गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीतं ऐकली, आणि अमेरिकेने आपलं संगीत यावरच उभारावं असं उघड म्हणाला. १८९३ मध्ये त्याची नववी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, तिथेच पहिल्यांदा वाजली. पन्नासेक वर्षांनी हझारिका त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, १९५२ मध्ये डॉक्टरेट घेतली, आणि तिथे त्यांची कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसनशी ओळख झाली. रोबसन ज्या खर्जात मिसिसिपी नदीचं गाणं म्हणायचा ते त्यांनी आसामीत आणलं. नदी ब्रह्मपुत्रा झाली, पुढे हिंदीत गंगा. एक बोहेमियाचा, एक आसामचा. दोघांनी घरचं लोकसंगीत पोटात ठेवून त्याच शहरात दुसऱ्याचं दुःख ऐकलं. हे ८ सप्टेंबरमुळे घडलं नाही. पण ८ सप्टेंबर नसता तर मी दोघांची कार्डं शेजारी ठेवलीच नसती.

क्लासात मी त्या सिंफनीच्या संथ भागाची पहिली ओळ पेटीवर वाजवते : ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. काळी चारच्या सुरात, पहिला ग जरा लांबवून. दुसरी-तिसरीतलं एखादं पोर लगेच ओरडतं, "बाई, भूप!" भूप नव्हे, बाळा. भुपाचे स्वर आहेत, पण चलन भुपाचं नाही. धैवत अजून आलेलाच नाही, आणि पंचमावर असं रेंगाळणंही वेगळं. एवढं बोलणं झालं की झेक माणूस परका राहत नाही.

आता ८ एप्रिल. तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला मी हीच तारीख सुचवेन. कुमार गंधर्व, म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, ८ एप्रिल १९२४ ला आपल्या सुळेभावीत जन्मले. बेळगावातलं रंगमंदिर त्यांच्या नावाचं आहे हे पोरांना माहीत असतं; सुळेभावी मात्र गाडीतून जाताना दिसणारं एक स्टेशन, एवढंच. त्याच तारखेला १९२९ मध्ये ब्रसेल्सजवळ जाक ब्रेल जन्मला. फ्रेंचमध्ये गाणारा, पण घराणं मूळचं फ्लेमिश.

बेल्जियममध्ये डच बोलणारे फ्लेमिश आणि फ्रेंच बोलणारे यांचं भांडण किती जुनं, हे बेळगावकराला समजावायची गरज नाही. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. ब्रेलने आपल्या सपाट, पावसाळी मुलखावर एक अप्रतिम गाणं केलं, फ्रेंचमध्ये. आणि मग तेच डचमध्येही गायलं. फ्लेमिश लोकांची टिंगल करणारी गाणीही त्याने केली आणि शिव्या खाल्ल्या. कुमारांची गोष्ट वेगळी, पण मुळात तशीच. घरची भाषा कन्नड, ऐकलं-गायलं ते मराठी नाट्यपद, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, आणि शेवटी देवासला बसून माळव्याची लोकगीतं आणि कबिराची निर्गुणी भजनं. "कुमार कुणाचे, आमचे की त्यांचे?" हा वाद तुमच्याकडे पाचव्या मिनिटाला सुरू होईल. तेव्हा भाषण करू नका, सरळ पुढचं गाणं लावा.

या जोडीत एक सापळा आहे, तो आधीच दाखवून ठेवते. कुमारांना क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुमारास ते हवापालटासाठी देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद, स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध मिळाल्यावर बरे झाले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामीच राहिलं. ब्रेललाही फुप्फुसाचा कॅन्सर झाला, १९७४ मध्ये ऑपरेशन झालं, १९७७ मध्ये त्याने शेवटचा अल्बम गायला आणि ९ ऑक्टोबर १९७८ ला, ४९ वर्षांचा असताना गेला. एकच तारीख, दोघांचंही फुप्फुस! पत्रिकावाले काका इथे खुर्चीतून उठतात. पण एकाला जंतू, दुसऱ्याला सिगारेट. एकाचा आजार विशीत आला आणि त्यातून नवं गाणं निघालं. दुसऱ्याचा पंचेचाळिशीत आला, सगळी मोठी गाणी आधीच होऊन गेली होती. म्हणून कुमारांच्या दोन ध्वनिमुद्रिका लावा, एक लहानपणची, एक देवासनंतरची. नंतरच्या गाण्यात ते छोट्या तुकड्यांत येतात, स्वर फेकतात, थांबतात, आणि त्या थांबण्यात तंबोरा ऐकू येतो. श्वास पुरत नाही म्हणून तसं गात होते असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. श्वासाची अडचण असलेला प्रत्येक जण असा गात नाही.

ब्रेल ऐकवायचा कसा? फ्रेंच कुणाला येत नाही. गाण्याआधी एका मिनिटात मराठीत मतलब सांगा, जमलं तर कन्नडमध्येही. आणि त्याचं तीन मात्रांच्या वॉल्ट्झवर सुरू होऊन फेरीगणिक लय चढवत नेणारं गाणं निवडा. तुमच्या गावच्या भजनी मंडळाला हे शिकवायला नको. अभंगाच्या शेवटी टाळ-पखवाज कसे चढत जातात, म्हातारे कसे उभे राहतात, तेच ते. माझ्याकडे एका पखवाजवाल्या आजोबांनी ब्रेलच्या तिसऱ्या फेरीला मांडीवर ठेका धरला होता आणि चौथीला सोडून दिला. "हा आमच्याहून पळतोय ओ!" म्हणाले. तरुणांना ओढायला त्याच तारखेचा अमित त्रिवेदी (१९७९) आहेच.

बाकीच्या तारखा भरभर सांगते. ४ फेब्रुवारीला भीमसेन जोशी आणि बिरजू महाराज. तिथेच अमेरिकन रॉकवाला अ‍ॅलिस कूपरही आहे, त्याला माझ्यासारखं गाळलंत तरी चालेल. भीमसेनांची मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही लावा, आपल्याकडे दोन्हींना डोळे पुसणारे बसलेले असतात. ५ मार्चला गंगूबाई हनगल (१९१३, धारवाड) आणि ब्राझीलचा संगीतकार व्हिला-लोबोस (१८८७). ९ मार्चला झाकीर हुसेन, सोबत जॅझमधला ऑर्नेट कोलमन. ७ एप्रिलला रविशंकर आणि बिली हॉलिडे. १३ सप्टेंबरला प्रभा अत्रे आणि जर्मन पियानोवादक क्लारा शुमान. दोघी नुसत्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या नव्हत, स्वतः रचना करणाऱ्या, आणि दोघींच्या रचनेपेक्षा लोकांनी सादरीकरणावरच जास्त बोलणं पसंत केलं. या जोडीवर एक अख्खी संध्याकाळ होते, कधीतरी वेगळं लिहीन. ३१ डिसेंबरला मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०), डिस्कोवाली डोना समर (१९४८) आणि जॉन डेन्व्हर (१९४३). तारीख झकास, पण त्या दिवशी अर्धं बेळगाव चोर्ला घाटातून गोव्याला उतरलेलं असतं. मी एकदा केला, सात माणसं आली, त्यांतली दोन हॉलचे शिपाई.

माझी सगळ्यात मोठी फजिती २४ डिसेंबरची. मोहम्मद रफी (१९२४) आणि इंग्लंडचा हेवी मेटलवाला लेमी (१९४५). मला वाटलं, मखमल आणि सँडपेपर, काय मजा येईल! जोडीत ऐकू येणारं साम्य शून्य होतं. नुसता विरोध दाखवायचा मोह. वरून हॉलवाल्याने आवाजाची जी पेटी दिली होती तिचा एक भोंगा फाटका निघाला. रफींची दोन गाणी शांततेत झाली, लेमी सुरू झाला आणि आजी मंडळी चपला शोधायला लागली. एकीने जाताना मला हळूच विचारलं, "बाई, मशीन बिघडलंय का?" बिघडलेलंही होतं, आणि नव्हतंही. त्या दिवसापासून 'ऐकू येणारी एक गोष्ट' हा नियम मी मोडलेला नाही.

करण्याच्या बाजूचं थोडंसं. दीड तासाच्या वर नको. ओळखीचा कलावंत आधी आणि शेवटी, अनोळखी मध्ये. सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा अट्टहास नको. एक तुकडा चार मिनिटांच्या आत, ख्याल असेल तर मधूनच घ्या आणि तसं सांगा. प्रत्येक वेळी एक गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवा, पेटीवर, तोंडाने, टाळीने. नुसता स्पीकर चालू राहिला की लोक आपापसात बोलायला लागतात. एप्रिलमध्ये सहाच्या आत सुरू करू नका, पत्र्याखाली कुणी बसत नाही.

आणि जगभरच्या नावांसोबत तुमच्या तालुक्यातली कार्डंही करा. सनईवाले, बँडमधला क्लॅरिनेटवाला, मंडळाचे पेटीवाले, देवळात पदं म्हणणाऱ्या बायका. पहिली तारीख पेन्सिलनेच लिहा. माझ्या खोक्यात १ जूनचा गठ्ठा सगळ्यात जाड आहे, एकवीस कार्डं, सगळी इकडचीच माणसं. त्यातल्या एका तबलजींच्या घरी मी मागच्या महिन्यात जाऊन आले. त्यांच्या थोरल्या बहिणीला विचारलं तर त्या म्हणाल्या, "भाताची कापणी चालली होती, आई शेतातनं आली आणि हा झाला." म्हणजे कार्तिक-मार्गशीर्ष. कार्ड नोव्हेंबरात हलवलंय, पुढे प्रश्नचिन्ह घालून.